जाऊबाईंचा सांकेतिक क्रमांक

आमच्या बँकेने खातेदारांच्या सोयीसाठी असे ठरवले की, ज्या खात्यावर दोन माणसांची नावे आहेत, त्या दोघांचे एकमेकांशी नेमके काय नाते आहे हे यापुढे प्रमाणित करण्यात यावे. 'सोयीसाठी' हा शब्द वाचून मी सावध झाले. या वयापर्यंत माझ्या सोयीसाठी जे जे म्हणून झाले आहे, त्या प्रत्येकासाठी मला रांगेत उभे राहावे लागले आहे.

पत्रकात कारणही दिले होते. बँक, विमा कंपनी, करखाते ही सगळी मंडळी आपापल्या संगणकात आपापल्या भाषेत माणसे लिहून ठेवत. एकीकडे 'पत्नी', दुसरीकडे 'सौ.', तिसरीकडे 'अवलंबून असलेली व्यक्ती'. त्यामुळे या संगणकाचे बोलणे त्या संगणकाला कळत नसे. म्हणून नियामक मंडळाने सर्वांसाठी एकसमान शब्दसंच तयार केला होता आणि जगातल्या यच्चयावत नात्यांना सांकेतिक क्रमांक दिले होते. ज्याला क्रमांक नाही ते नाते नाही, असे पत्रकात लिहिले नव्हते. ते आम्हाला नंतर कळले.

पत्रक आले तेव्हा मी नेमकी त्याच खात्यातून पैसे काढायला निघाले होते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना ऐकू येईनासे झाले होते. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र बसवायला सांगितले होते आणि त्याची किंमत ऐकून मला वाटले, माझेच कान तपासून घ्यावेत.

जाऊबाई आधी तयार नव्हत्या. "या वयात ऐकण्यासारखं उरलंय काय?" असे त्यांचे म्हणणे. पण आम्हा दोघींचा एक जुना परिपाठ आहे. संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या टाकायच्या आणि कोण कोणाला कधी काय म्हणाले होते ते पहिल्यापासून उगाळायचे. सासूबाईंनी माझ्या पहिल्या भाजीला काय नाव ठेवले होते, आत्येसासूबाई कुणाच्या लग्नातून रुसून निघून गेल्या होत्या, असे बरेच काही. आता मी बोलायची आणि त्या नुसत्या मान डोलवायच्या. एके दिवशी त्यांना संशय आला.

"धाकटे, तू मधेच हसलीस का गं?"

मी ओरडून सांगितले, "आत्येसासूबाईंची आठवण झाली!"

"खोटं बोलतेस. माझ्याबद्दल बोलत होतीस." मग म्हणाल्या, "आण ते यंत्र. जगाचं काही ऐकायचं नाहीये मला. तू माझ्या तोंडावर काय बोलतेस एवढं कळलं तरी पुष्कळ झालं."

आमचे खाते फार जुने. आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो आणि दोघींच्या नवऱ्यांच्या माघारीही एकाच घरात राहिलो. खाते उघडताना मॅनेजरांनी विचारले होते, "तुम्ही एकमेकींच्या कोण?"

"जावा," आम्ही म्हणालो.

"भांडता का?"

"रोज."

"मग हरकत नाही. न भांडणाऱ्या जावांचं खातं मी उघडत नाही, त्या एकमेकींना न सांगता पैसे काढतात," असे म्हणून त्यांनी सही ठोकली होती. त्या काळी जोखमीचा अंदाज असा घेत.

आता त्या जागी काचेची केबिन आहे आणि केबिनमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी बसते. तिच्या टेबलावर पाटी होती, 'नातेविषयक माहिती'. मी बसले. तिने पडद्यावर यादी उघडली.

"बोला आजी. दुसऱ्या खातेदार तुमच्या कोण?"

"जाऊ."

ती यादी खाली नेत गेली, मग वर आणत गेली. "जाऊ नाहीये."

"नाही कशी? नीट बघ."

"पती-पत्नी आहे, पालक-पाल्य आहे, भावंडं आहेत, मालक-भाडेकरू आहे, मालक-नोकर आहे. जाऊ म्हणजे नेमकं कोण, ते फोडून सांगा ना."

"माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको."

"नवरा आहेत?"

"नाहीत."

"त्यांचे भाऊ?"

"तेही नाहीत."

मुलीने हात आवरला. "म्हणजे मधले दोन्ही दुवे बंद आहेत. संगणक तुमच्यापासून निघाला तर त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही."

"तो नाही पोचणार गं. मी पोचते की. एकाच खोलीत झोपतो आम्ही." मला राहवेना. "तुझं लग्न झालंय ना? तुला जाऊ नाही का?"

"आहे ना," ती म्हणाली. "तिच्यामुळेच तर वेगळं घर घ्यावं लागलं. पण यादीत नाहीये, त्याला मी काय करू?"

यादीच्या तळाशी 'इतर' असा एक पर्याय होता. मी तिकडे बोट दाखवल्याबरोबर तिने माझे बोट बाजूला केले. 'इतर' म्हणजे असंबंधित. दोन असंबंधित वृद्ध स्त्रिया, त्यांपैकी एक बऱ्यापैकी बहिरी, आणि दुसरी तिच्या नावावर मोठी रक्कम काढू पाहते. असे चित्र दिसले की संगणक खाते गोठवतो आणि समोरच्या दारावरच्या शिपायाला कळवतो. शिपायाने तेवढ्यात माझ्याकडे बघितलेसुद्धा.

"एक करता येईल," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "तुम्ही दोघी खर्च वाटून घेता?"

"हो."

"एकीने ठरवलं तर दुसरीला मान्य करावं लागतं?"

"कुरकुर करून का होईना, करावं लागतं."

"एकमेकींवर पूर्ण विश्वास आहे?"

"पूर्ण असा नाही."

"झालं तर. व्यावसायिक भागीदारी! सगळे निकष बसतात." तिने कळ दाबली. "आणि आजी, आता कुठे कुठे जाऊन सांगायची गरज नाही. एकदा सांगा, सगळीकडे पोचेल, अशी नवी योजना आहे."

योजना खरोखर उत्तम होती. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी जोडून देताना घसा कोरडा पडे, आणि शेवटी लागलेल्या फोनवर दोघे फक्त "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" एवढेच विचारून घेत. इथे मी घरी पोचायच्या आत आमची भागीदारी सर्वदूर पोचली होती. विजेचे बिल दुकानाच्या दराने आले. नगरपालिकेने दारावर पाटी का लावली नाही, असे विचारले. पाणीखात्याने आमचा माल कोणता आणि त्याचे सांडपाणी कुठे जाते, याची चौकशी केली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "अभिनंदन! काय सुरू केलंत?"

"अजून आम्हालाही कळलेलं नाही," मी म्हणाले.

फक्त पैसे तेवढे निघाले नाहीत. व्यावसायिक खात्यातून खाजगी खर्च करता येत नाही, असा नियम होता. आणि कान खाजगी आहेत. जाऊबाईंचा आरोग्यविमा होता, पण विमा कंपनीनेही हात वर केले. भागीदारी संस्थेला कान असल्याची नोंद त्यांच्याकडे नव्हती.

जाऊबाईंना हे सगळे मी पाटीवर खडूने लिहून दाखवले. त्यांनी वाचले आणि विचारले, "मग या धंद्यात माझा हिस्सा किती?"

"निम्मा!" मी ओरडले.

"मी थोरली आहे," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती करायला बँकेत गेले. केबिनमधल्या मुलीला वाईट वाटले, पण तिचा इलाज नव्हता. माहिती आता बँकेच्या हातात राहिलेली नव्हती. बँक ती मध्यवर्ती नोंदणी केंद्राकडून घेते. मी मध्यवर्ती नोंदणी केंद्रात गेले. तिथे सांगितले की, केंद्र स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही, ते विमा कंपनीकडून घेते. विमा कंपनीत गेले. तिथला माणूस सज्जन होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले की, नात्यांबाबत कंपनी पूर्णपणे बँकेवर विसंबून असते.

तिन्ही ठिकाणच्या पायऱ्या चढून माझे गुडघे बोलू लागले तेव्हा मी पुन्हा नोंदणी केंद्रात जाऊन बसले आणि शब्दसंच अधिकाऱ्यांना भेटल्याशिवाय उठणार नाही, असे जाहीर केले. शब्दसंच अधिकारी भेटले. तुळतुळीत टेबलामागे बसलेले, अतिशय नम्र गृहस्थ. माझी तक्रार त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तिन्ही ठिकाणी तुमची नोंद एकच निघाली?"

"हो. तिन्ही ठिकाणी चूक."

"पण एकच!" ते खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, तुम्हाला कल्पना नाही. पूर्वी तिन्ही ठिकाणी वेगवेगळी चूक असायची. कुठली खरी मानायची, प्रश्न पडायचा. आता सगळीकडे एकच चूक असते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. याच्यासाठी आम्ही रात्रंदिवस खपलोय."

"तुम्ही खपलात, पण माझ्या जाऊबाईंना ऐकू येत नाही त्याचं काय?"

हृदय होते त्यांना, नाही असे नाही. भिंतीतल्या कपाटातून नियमांचा गठ्ठा काढून त्यांनी बराच वेळ चाळला.

"कान नाही घेता येणार," ते शेवटी म्हणाले. "पण संस्थेला संपर्क साधन घेता येतं. दोन भागीदारांमधल्या अंतर्गत संपर्कासाठी. फक्त संपर्क नसल्यामुळे धंद्याचं नुकसान झाल्याचं दाखवावं लागेल."

"परवा मी म्हणाले दूध बघा, ते त्यांना ऐकू आलं नाही. सगळं उतू गेलं."

"कच्च्या मालाची हानी," ते लिहू लागले. "आणखी?"

"मी बाहेर राहिले, त्या आतून कडी घालून झोपल्या. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. शेवटी मास्तरांकडे जाऊन बसले."

"एका भागीदाराची व्यवहारातून सक्तीची अनुपस्थिती. उत्तम. हे चालेल."

आणि चालले! पैसे सुटले, यंत्र आले, एका तरुण तंत्रज्ञाने घरी येऊन ते जाऊबाईंच्या कानात बसवले. मी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले. किती दिवसांचे बोलायचे साठले होते.

"जाऊबाई," मी हळूच म्हणाले, "ऐकू येतंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितले आणि मान डोलवली. ती मान मला चांगली ओळखीची होती. त्यांना काही ऐकू आलेले नव्हते.

"बिघडलंय हो हे," मी तंत्रज्ञाला म्हणाले.

"नाही मावशी, एकदम बरोबर चाललंय. संस्थेचं संपर्क साधन आहे ना, त्याला मुक्त मजकूर चालत नाही. गैरसमज मुक्त मजकुरामुळेच होतात, असं नियामक मंडळाला आढळलंय. आधी संदेशाचा प्रकार सांगायचा, मग उद्देश, मग मजकूर. तसं बोललात की हे आत सोडतं. बाकीचं बाहेरच थांबवतं." त्याने माझ्या हातात एक तक्ता दिला. "दोन-चार दिवसांत सवय होते. आमच्या ऑफिसात सगळे असंच बोलतात."

मी चष्मा लावला, तक्ता बघितला आणि घसा साफ केला. "प्रकार, प्रस्ताव. उद्देश, उपभोग. मजकूर, चहा."

जाऊबाई दचकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "ऐकू आलं गं!" त्या म्हणाल्या. "स्वच्छ ऐकू आलं! पण तू अशी का बोलतेस? ताप आहे का तुला?"

त्या संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो. मला आत्येसासूबाईंच्या रुसव्याची पुढची हकीकत सांगायची होती, पण तक्त्यात रुसव्याला क्रमांक नव्हता. जवळचा म्हणून मी 'पुरवठ्यातील खंड' घेतला.

"प्रकार, निवेदन. उद्देश, पुरवठ्यातील खंड. मजकूर, आत्येसासूबाई मांडवातून उठल्या."

"किती पुरवठा होता?" जाऊबाईंनी विचारले.

"अहो, रुसल्या त्या!" मी भान विसरून म्हणाले. यंत्राने ते बाहेरच थांबवले.

टोमण्यालाही क्रमांक नव्हता. 'सुधारणेची सूचना' या सदरात मी एकदोन टोमणे घालून पाहिले, तर जाऊबाईंनी ते खरोखर सूचना म्हणून ऐकून घेतले आणि भाजीत मीठ कमी केले. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या टोमण्यावर त्या पहिल्यांदाच गप्प बसल्या. मला रात्रभर चैन पडली नाही. त्यांनाही पडली नसावी. सकाळी त्या उठल्या, कानातले यंत्र काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "याच्यातून येते ती तू नाहीसच. हा कुणीतरी कारकून आहे. मला माझी जाऊ पाहिजे."

मी पुन्हा शब्दसंच अधिकाऱ्यांकडे गेले. या वेळी मी काही मागितले नाही, नुसते जे झाले ते सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझी आई आणि काकू अशाच बसायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. पण मला झोप लागायची त्या आवाजात." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "एकच मार्ग आहे, यादीच बदलायची. जाऊ घालू. नणंद, विहीण, चुलत, मावस सगळं घालू. भागीदारी आपोआप रद्द होईल आणि तुमच्या यंत्राचं कुलूप निघेल. पण त्याला जनतेचं मत घ्यावं लागतं."

"घ्या की. जाऊ कुणाला नको असेल?"

"तसं नव्हे, असल्या तर बहुतेकांना नको असतात," ते म्हणाले, "पण यादीत असायला कुणाची हरकत असणार आहे?"

त्यांनी शब्द पाळला. देशातल्या प्रत्येक खातेदाराच्या फोनवर संदेश गेला. त्यात सगळे सविस्तर लिहिले होते. सध्याच्या यादीत कोणती नाती नाहीत, ती नसल्यामुळे काय होते, आणि ती घालावीत असे वाटत असेल तर काय करायचे. ते करणे अगदी सोपे होते. संदेश शेवटपर्यंत वाचायचा आणि खालच्या ओळीवर बोट ठेवायचे. वरच्या बाजूला एक मोठे हिरवे बटण होते, 'मान्य आहे'. आहे ती यादी पुरेशी आहे, तीत काहीही घालू नये, हे मला मान्य आहे, असा त्याचा अर्थ संदेशात स्पष्ट दिला होता.

आम्ही दोघी वाट पाहत बसलो. जाऊबाईंनी यंत्र पुसून डबीत तयार ठेवले होते.

निकाल सांगायला अधिकारी स्वतः घरी आले. जवळजवळ सगळ्यांनी हिरवे बटण दाबले होते. जनतेच्या इतक्या एकमुखी पाठिंब्याचे मंडळालाही आश्चर्य वाटले होते. लोकांना यादी एवढी पसंत आहे असे पाहून मंडळाने ती घरोघरी लागू करायचे ठरवले होते, आणि यापुढे मिळणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये आमच्या यंत्रातलेच कुलूप आधीपासून बसवून मिळणार होते.

ते गेल्यावर मी जाऊबाईंच्या कानाशी तोंड नेले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन सगळे ओरडून सांगितले. खाली मास्तरांची खिडकी उघडली. समोरच्या इमारतीत दोघे-तिघे गॅलरीत आले.

"सगळ्यांनी दाबलं?" जाऊबाईंनी विचारले. "मास्तरांनीपण?"

"हो!" खालून मास्तर ओरडले. "काय होतं ते?"

"आणि ही समोरची?"

समोरची मंडळी आत गेली.

जाऊबाईंनी यंत्राची डबी बंद केली. मग म्हणाल्या, "धाकटे, या लोकांना वाचायला येत नाही का गं?"

"येतं की!" मी ओरडले. "गोष्ट असली तर शेवटपर्यंत वाचतात!"

"अस्सं," जाऊबाई म्हणाल्या. "मग आता शेवटाला आलेच असतील. विचार त्यांना, तुम्ही काय दाबलंत?"